डेऱ्यावरचा उजेड

शिमग्याच्या दिवसांत महेशच्या नंबरावरून मला लागोपाठ दोन फोन आले. महेश माझा धाकटा भाऊ. पहिला फोन संध्याकाळी आला. मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कमधल्या आमच्या घरी मी भाजी निवडत बसले होते. पलीकडे ढोल वाजत होते, माणसं ओरडत होती आणि त्या गोंगाटावर आवाज चढवून महेश सांगत होता, "ताई, उजेड केला! पाची गावांनी बघितला! आबा नाचतायत अगं!" मी विचारलं, "आत्याला सांगितलंस का?" तो म्हणाला, "काय? ऐकू येत नाही..." आणि फोन बंद झाला. दुसरा फोन सकाळी आला. ढोल नव्हते. महेश नुसतं "ताई" म्हणाला. मग आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्याच्या हातून फोन घेतला. "अनशी गेली," ते म्हणाले. "सावरवाडीच्या अंगाला... वणव्यात गावली." मी काही बोलायच्या आत त्यांनीच पुढे म्हटलं, "आपोआप लागतो गं वणवा, ह्या दिवसांत."

आपोआप! गेले काही आठवडे हा एक शब्द माझ्या कानातून जात नाही. माझी आत्या अनसूया कशी होती हे मला लिहायचं आहेच, पण ती आपोआप लागलेल्या वणव्यात गेली नाही, हे आधी लिहायचं आहे. घरच्यांनी मला सांगितलंय की हे पेपरात देऊ नकोस. ज्या बाईने मला पुढे शिकवलं, तिच्याविषयी मी खोटं लिहिणार नाही.

आमचं गाव उमरकोंड, पोलादपूरच्या वरच्या अंगाला. गावाच्या डोक्यावर एक डोंगर आहे, त्याला आम्ही डेऱ्या म्हणतो. ताक घुसळायचा डेरा उपडा घालून ठेवावा तसा त्याचा माथा दिसतो, म्हणून डेऱ्या. त्याच्या भोवती पाच गावं बसली आहेत. उगवतीला आमचं उमरकोंड, मावळतीला सावरवाडी, बाकीची तीन कडेकडेने. माथ्याच्या जरा खाली खडकात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, तिथून उतरलं की देवीची राई, आणि राईच्या बाजूला एक खिंड. दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि दिवस कलला की उलटतो, घाटाकडून खाली सुटतो. मग तो त्या खिंडीतून सावरवाडीवर असा कोसळतो की वाडीतली माणसं संध्याकाळी चूलसुद्धा आडोसा करून पेटवतात. आत्याचं माहेर उमरकोंड आणि सासर सावरवाडी. तिची वरात खिंडीतूनच गेली होती. ती म्हणायची, "मला काय लांब दिली न्हाय, डोंगराच्या एका कुशीवरनं दुसऱ्या कुशीवर वळवली."

आता उजेडाविषयी सांगायला हवं, कारण वाचकांना ही चाल ठाऊक असण्याचं कारण नाही. उमरकोंडात कुणाला मुलगा झाला की येणाऱ्या शिमग्यात त्या घरचे पुरुष संध्याकाळी डेऱ्यावर चढतात आणि माथ्याखालचं वाळलेलं गवत पेटवतात. पाची गावांना दिसलं पाहिजे, अमक्याच्या घरी वंशाचा दिवा आला. ह्याला म्हणायचं उजेड करणं. वर सगळे सांगतात की राखेने पुढल्या साली गवत चांगलं येतं. मी लहानपणी बघितलेल्या प्रत्येक उजेडानंतर डोंगर जेठ महिन्यापर्यंत काळा पडलेला असायचा, गुरं त्या बाजूला फिरकायची नाहीत, आणि करवंदीच्या जाळ्यांत पक्ष्यांची जळालेली घरटी सापडायची. पहिल्या पावसात ती राख टाक्यात उतरायची आणि बायका काळं पाणी गाळून प्यायच्या. तरी गवत चांगलं येतं! हे सांगणारे पुरुष गवत कापायला कधी वर जात नसत. ते काम बायकांचं.

मुलगी झाली तर अर्थातच कुणी वर चढत नाही. शाळेत असताना मला ह्याचं फार वाईट वाटायचं. महेशच्या वेळी आबांनी केलेला उजेड गावात नावाजलेला होता. एकदा मी आत्याला विचारलं, माझ्या वेळी काय केलं होतं गं? तेव्हा ती भाईंदरहून मे महिन्यात आली होती आणि ओट्यावर आमसुलं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या वेळी डोंगर वाचला, रंजे. तुझं उपकार हायत त्याच्यावर." मी हसले. पण पुढे पुष्कळ वर्षं, वर्गात कुणी मागे ढकललं, नोकरीत कुणी हिणवलं की मी मनातल्या मनात म्हणत असे, माझ्यामुळे एक डोंगर वाचलाय.

आत्या लग्नानंतर भाईंदर पूर्वेला आली ती तिथलीच झाली. काका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. ते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. सासरचे न्यायला आले तर आत्या म्हणाली, "येते, पण आधी पगाराच्या दिवसापर्यंत थांबते," आणि काकांच्याच कारखान्यात पॅकिंगला लागली. तो पगाराचा दिवस वीसेक वर्षं चालला. डबे, वाट्या, पेले पुसायचे, कागदात गुंडाळायचे, खोक्यात भरायचे. बोटांच्या रेघांत पॉलिशची काळी पूड कायमची बसलेली. शेजारी गुजराती, बिहारी, मालवणी, सगळ्यांशी ती एकच भाषा बोलायची, जिला ती हिंदी समजायची. "बेन, तुम्हारा दूध उतू जाता है, धावो!" हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. आणि बेनही धावायची.

बारावी मी पोलादपूरला केली. पुढे शिकायचं तर गाव सोडायला हवं. आबा म्हणाले, बास झालं, आता स्थळं बघू. आत्या रजा टाकून आली. रात्रीची एसटी, डोळे तारवटलेले, हातात पिशवी. अंगणातच उभी राहून म्हणाली, "दादा, पोरगी मला दे."

"दे म्हंजे? ती काय कोंबडी हाय?"

"कोंबडी असती तर तू कवाच दिली असतीस. शिकवते मी तिला. तुझा उंबरा झिजवायला न्हाय आले."

आबा तिच्यापुढे कधी फार वेळ टिकत नसत. मी भाईंदरला आले, तिच्या खोलीत राहिले, बी.कॉम. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेलं पहिलं माणूस मी. निकालाच्या दिवशी तिने कारखान्यातल्या बायकांना पेढे वाटले आणि पर्यवेक्षकाला मुद्दाम दोन दिले. म्हणाली, "एक माझ्या पोरीचा, अन् एक डोंगराचा." त्याला काय कळणार! मला कळलं. आज माझ्या अंगी जी काही अक्षरं आहेत ती त्या काळ्या बोटांची आहेत.

कारखाना दमणकडे गेला तेव्हा आत्या मोकळी झाली. तिच्या वयाच्या बायका गुडघे दुखतात म्हणून बसतात. तिने सावरवाडीला जाऊन दिरांकडून सासरच्या वाट्याचा डोंगरउतार मागून घेतला. पड जमीन होती, नुसते दगड आणि कुसळ. तिने काजू लावले. पावसाळ्यात गावी, बाकीचे दिवस भाईंदर, अशा तिच्या खेपा सुरू झाल्या. पहिली लागवड उमरकोंडच्या एका उजेडात गेली. दुसरी लागवड कमरेला लागेपर्यंत आली आणि पुन्हा एक मुलगा झाला. वाऱ्याने आग माथ्यावरून खिंडीतून खाली आणली. माहेरच्यांनी आनंद करायचा आणि सासरी तिचं जळायचं.

दुसऱ्या वेळी मी गावी होते. शिमग्याची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसलेली, सगळं गाव जमलेलं, आणि आत्या सावरवाडीहून खिंड चालून आली. तोंडाला राख तशीच. देवीला नमस्कार केला आणि वळून पुरुषांना म्हणाली, "कुणाचा दिवा आला म्हनं ह्या साली? माझी झाडं विझवून गेला."

एक म्हातारे मानकरी समजुतीने म्हणाले, "अनशे, रीत हाय ती. पाच गावांना कळाया नको?"

"फोन करा की! टॉवर बसलाय गावात, सगळ्यांच्या कमरंला डबड्या हायत. डोंगर कशाला जाळता?"

पोरं हसली. आत्या हसली नाही. ती म्हणाली, उजेडच पायजे ना, मी भाईंदरहून मोठी गॅसबत्ती आणून देते. टाक्याच्या खडकावर घेऊन बसा रातभर, मी भजी तळून वर पाठवते. ह्यावर तर सगळी सहाण खदखदली. आमच्या आबांनी मान खाली घातली. ते तिच्या बाजूने एक शब्द बोलले असते तर... असो. नाही, असो नाही. तिथे बोलायला हवं होतं.

त्यानंतर तिने तिसऱ्यांदा झाडं लावली. ह्या वेळी माघ संपला की ती वर जायची आणि कोयत्या-खराट्याने आपल्या उताराच्या वरच्या अंगाला गवत काढून माती उघडी करायची, चांगला बैलगाडी जाईल एवढा पट्टा. आगीला ओलांडता येऊ नये म्हणून. दरवर्षी एकटी. ह्या साली त्या झाडांना पहिला मोहर आला होता.

आणि ह्याच साली महेशला मुलगा झाला. महेश काशीमीऱ्याला गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. त्याची बायको जागृती भाईंदरजवळच्या मोरव्याची, आगऱ्यांची. बाळंतपण भाईंदरलाच झालं. आत्याने बाळाला पहिली आंघोळ घातली, दृष्ट काढली, आणि महेशला समोर बसवून म्हणाली, "पेढे वाट, जिलबी वाट, बॅन्जो लाव. डेऱ्यावर चढू नको. माझी शपथ."

"नाही चढत गं आत्या. मी काय गावठी आहे का?"

हे मी ऐकलं. जागृतीने ऐकलं. पुढच्याच आठवड्यात आत्या सावरवाडीला गेली, पट्टा काढायला. महेश शिमग्याला उमरकोंडला गेला. तिथे त्याला पोरांनी विचारलं, "काय रं, पोरगी झाली का? डेऱ्या काळोखात हाय म्हणून विचारतो." कुणी म्हणालं, मुंबईचं पाणी पिऊन वाघाचा बोका झाला. आबा म्हणाले, तुझ्या वेळी मी केला होता, माझ्या वेळी माझ्या बापाने. एवढं पुरलं. गॅरेजमध्ये पेट्रोलजवळ बिडीसुद्धा ओढू न देणारा माझा भाऊ काडेपेटी घेऊन डोंगरावर चढला.

आत्याचा पट्टा पुरा झाला नव्हता. सावरवाडीची माणसं सांगतात, माथ्यावर उजेड दिसला तशी ती ताटावरून उठली. लोक म्हणाले, वारा उलटलाय, जाऊ नका. तिने ऐनाची हिरवी डहाळी तोडली आणि आग झोडपायला वर गेली, मागून दोघे-तिघे निघाले पण धुराने परतले. सकाळी ती तिच्याच झाडांत सापडली. डहाळी हातात होती. खालच्या ओळींतली झाडं शाबूत आहेत. मी बघून आले. मोहर करपला आहे, पण झाडं जगतील म्हणतात.

आता खरा राग कशाचा आहे ते सांगते. आग लागली त्याचा तर आहेच. पण त्यानंतर जे बोललं गेलं त्याचा जास्त आहे. पंचनाम्याला आलेल्यांना पाच गावांतल्या एकाही माणसाने काडी कुणी ओढली ते सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी हाच उजेड पाची गावांनी बघितला होता ना? एका रात्रीत सगळ्यांची नजर गेली? दहाव्याला एक पाहुणे म्हणाले, "काजूच्या हावेपायी गेली." हाव! जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरचे पेले चकचकीत केले, तिला स्वतःची चार झाडं वाचवावीशी वाटली ती हाव. आणि ज्यांना आपलं पुरुषपण पाच गावांना दाखवल्याशिवाय जेवण जात नाही, त्यांची ती रीत. दुसरे म्हणाले, देवीनेच बोलावून घेतलं. देवीची राईसुद्धा एका अंगाने जळालीय. देवीने स्वतःचं घर पेटवून माणसं बोलवायला सुरुवात केली की काय, हे मी त्यांना विचारलं. ते पान लावायला बाहेर गेले.

आबांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मला जास्त लागलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रंजे, पोराचा विचार कर. त्याच्या उजेडात आत्या गेली असं झालं तर लोक त्याला पांढऱ्या पायाचा म्हणतील. जन्मभर."

मी म्हटलं, "आबा, त्याचे पाय अजून दुपट्यात आहेत. डोंगरावर चढले ते पाय कुणाचे होते?"

ते रडायला लागले. बहीण गेलेला म्हातारा माणूस, मी त्यांना पाणी आणून दिलं. पण गप्प बसून पोर वाचत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. गप्प बसलो तर लोक कुजबुजतील आणि त्या कुजबुजीत दोष तान्ह्या पोराच्या पायगुणालाच चिकटेल. मोठ्या माणसांनी केलं असं उघड म्हटलं तरच ते पोर सुटेल.

आमच्या गावाच्या मंडळाने भाईंदरला नवघर रोडच्या एका शाळेच्या वर्गात शोकसभा ठेवली. पुरुष पुढे खुर्च्यांवर, बायका मागे सतरंजीवर. अध्यक्ष म्हणाले, अनसूयाबाई म्हणजे डोंगरावर जीव लावणारी माउली. सहाणेवर सगळ्यांत मोठ्याने हसले होते ते हेच. आणखी दोघे बोलले. वणवा, निसर्ग, नियती... काडेपेटी कुणाच्याच भाषणात नव्हती. मी बोलायला उठणार एवढ्यात मागून आवाज आला. जागृती उभी होती, बाळ खांद्यावर, पदर खोचलेला.

"मना येक सांगा. पोर माझा. त्याच्या नावानं डोंगर जाललात, मना कोनी इचारला? आमच्या मोरव्यात पोर झाला का पेढे वाटतान. डोंगर न्हाय जालत."

महेश पुढच्या रांगेत होता. त्याने मागे वळून बघितलं नाही.

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, शोकसभा आहे ही. इथे हे विषय नकोत."

"मंग कंच्या सभेत काढू? पुढच्या पोराच्या बारशाला?"

मग मी उठले आणि म्हटलं, आज इथे ठरवा, ह्यापुढे उमरकोंडात उजेड होणार नाही. चुळबुळ झाली. गावकीत विचारावं लागेल, ज्येष्ठांच्या भावना आहेत, एकदम बंद केलं तर देवी कोपेल... कुणीतरी चहा आला म्हणून सांगितलं आणि पुरुष कपांकडे गेले. ठराव झाला नाही. बायका मात्र चहाला उठल्या नाहीत. त्या जागृतीभोवती बसून राहिल्या, आणि त्यातल्या एकीने, जिची सून आता गरोदर आहे, मला हळूच विचारलं, "तुमच्या मिस्टरांकडनं तेवढा अर्ज लिहून मिळंल का, वनखात्याला?" मी म्हटलं, अर्ज मीच लिहीन. त्यासाठीच शिकवलंय मला. तो अर्ज गेला आहे. खाली चौदा बायकांचे अंगठे आणि सह्या आहेत, आणि त्यात उमरकोंडचा एकही पुरुष नाही.

गेल्या रविवारी मी आत्याची खोली आवरायला गेले. थोड्या वेळाने जागृती बाळाला घेऊन आली. महेश खाली रस्त्यावर मोटारसायकलपाशीच थांबला होता. वर ये, असं मी म्हटलं नाही, आणि तोही आला नाही. ओट्यावर स्टोव्हशेजारी कारखान्यातली एक पोचे आलेली वाटी होती. विकायला नालायक म्हणून बायकांना दिलेली. आत्या स्टोव्ह पेटवला की काडी फुंकून टाकायची नाही. विझली तरी विश्वास न्हाय, म्हणायची, आणि वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवायची. पहिली लागवड जळाल्यापासूनची तिची सवय. बेन तिला हसायची, मीही एक लायटर आणून दिला होता, तो तसाच पाकिटात आहे. वाटीतलं पाणी आता आटलं होतं आणि तळाशी काळ्या काड्या चिकटून बसल्या होत्या.

जागृतीने फोटोपुढे दिवा लावला. बाळ एका हातावर, दुसऱ्या हातात जळती काडी, आणि ती कुठे टाकू म्हणून इकडेतिकडे बघायला लागली. मी वाटी नळाखाली धरून पाणी घेतलं आणि ती जागृतीपुढे केली. तिने काडी बुडवली. चर्र असा बारीक आवाज झाला, बाळाने त्या दिशेला मान वळवली.

एवढंच करायचं असतं.